दगडाच्या सुरीने काकडी कापली!

सुरी असेल तर काकडी कापायला कितीसा वेळ लागतो? पण सुरीच आधी घडवायची असेल, आणि तीही दगडाची, तर?

आमची पाचवीची सहल गेली होती इनामगावला. पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे शेतकरी राहत, जव पिकवत, कुडाच्या भिंतींच्या घरात झोपत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८मध्ये इथे खणायला सुरुवात केली, आणि पुढे शंभराहून जास्त घरांच्या खुणा मिळाल्या. या लोकांना तांबं माहीत होतं, पण ते फार थोडं. मग रोजची कापाकापी कशाने? दगडाने!

दगड म्हणजे रस्त्यावरचा काळा कातळ नव्हे हं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून सिलिका साचत गेली आणि गुळगुळीत गारगोट्या तयार झाल्या. अशी गारगोटी फुटते काचेसारखी, आणि फुटली की कडेला धार येते.

अशीच सुरी घडवायला वस्तीच्या जागेपासून लांब, चिंचेखाली सगळे बसले. डोळ्यांवर चष्मे, हातांत जाड मोजे. पहिले ठोके सगळ्यांनी मधोमध मारले. दगड हललासुद्धा नाही! ठोका मारायचा तो कडेजवळ, तिरका. टक्! पातळ छिलका सुटला. दगडावर उरलेल्या खोलगट खुणेत बारीक वळ्या दिसल्या. नदीत गोल झालेल्या गोट्यावर असल्या खुणा ओळीने नसतात. त्या दिसल्या की समजायचं, इथे कुणाचा तरी हात चाललाय.

त्या छिलक्याने काकडी कापली गेली. चामड्याचा जुना पट्टासुद्धा! (माझ्या घरची सुरी यापेक्षा बोथट आहे.)

त्या काळी अशी छोटी पाती लाकडाच्या खाचेत ओळीने बसवून विळा करत. गवताच्या आणि धान्याच्या ताटातही सिलिका असते. खूप कापणी झाली की पात्याची कड चकाकू लागते. ही चकाकी भिंगाखाली पाहून अभ्यासक सांगतात, याने गवत कापलंय की आणखी काही.

शेवटी सहलीसोबतच्या ताईंनी खालची एकूण एक कपची वेचायला लावली. का? ठिकऱ्यांचा ढीग मिळाला की पुरातत्त्वज्ञ म्हणतात, ‘हत्यारं इथेच घडवली.’ आपल्या ठिकऱ्या मागे राहिल्या तर पुढचे संशोधक फसतील ना! मग सगळ्या एका डब्यात भरल्या आणि वर लिहिलं, ‘नवीन. पाचवी, तुकडी अ.’