शंभर पोटोरू आणि चिमूटभर यीस्ट

एकीकडे गिल्बर्टचा पोटोरू. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य किनाऱ्यावरचा, सशाएवढा, पिशवीवाला निशाचर. जगभरात मिळून शंभराच्या आसपास. दुसरीकडे बेकरीतलं यीस्ट: ग्रॅमभर दाण्यांत अब्जावधी पेशी. सामना विषम आहे, पण होऊन जाऊ द्या!

वंशवृद्धीत यीस्ट सुसाट. उबदार, गोड पाणी मिळालं की दीड तासात दुप्पट. गोव्यात पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेनं फुगवत, ती करामत यीस्टचीच. पोटोरूची मादी मात्र एका वेळी एकच पिल्लू वाढवते. तिची युक्ती वेगळी: पिशवीत पिल्लू असताना पुढचा गर्भ पोटात थांबवून ठेवायचा. पिशवी रिकामी झाली की त्याची वाढ सुरू. चक्क वेटिंग लिस्ट!

लपाछपीत पोटोरू अजिंक्य. 1841मध्ये जॉन गूल्डनं त्याची शास्त्रीय नोंद केली, पुढे तो असा गडप झाला की शंभराहून जास्त वर्षं सगळे त्याला नामशेषच समजत होते. 1994मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या टू पीपल्स बे इथं संशोधकांनी क्वोका हा दुसराच पिशवीवाला प्राणी पकडायला सापळे लावले आणि आत सापडला हा! दोनच वर्षांनी, 1996मध्ये, यीस्टचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये हा मान पहिला यीस्टचा. 2001 आणि 2016च्या वैद्यक नोबेलमागेही यीस्टवरचे प्रयोग होते. पोटोरूची पाटी कोरी.

खरी गंमत ताटात आहे. पोटोरूच्या आहारात नव्वद टक्क्यांहून जास्त बुरशीच असते! यीस्ट नव्हे, त्याचे दूरचे भाऊबंद: जमिनीखाली वाढणारे ट्रफल. पुढच्या पायांच्या नखांनी माती उकरायची आणि फस्त करायचे. ट्रफल मातीत गाडलेले, त्यामुळे त्यांचे बीजाणू वाऱ्यावर उडत नाहीत. ते पोटोरूच्या लेंड्यांतून रानभर पसरतात. ही बुरशी झाडांच्या मुळांशी जोडलेली असते आणि त्यांना पाणी, फॉस्फरस मिळवून देते. म्हणजे झाडांच्या खानपानातही पोटोरूचा हात. माझं मत इथेच फिरलं. एक गुण पोटोरूला.

आगीपुढे मात्र दोघंही हतबल. पाव भट्टीत गेला की यीस्ट संपलं. 2015च्या वणव्यात टू पीपल्स बेचा पोटोरूंचा बहुतेक अधिवास जळाला. नशीब, काही पोटोरू 2005पासूनच बाल्ड आयलंड या बेटावर हलवले होते.