तीन आकड्यांचा ठोका

१५३, ३६, १००.

हा एक ठोका आहे. बास ड्रमचा, चांगला जोरकस. १५३ म्हणजे ‘दहाव्या चॅनलवर आघात’, ३६ म्हणजे ‘बास ड्रम’ आणि १०० म्हणजे ‘एवढ्या जोराने’. कॉम्प्युटरवरच्या ड्रम मशीनमध्ये आपण एका घरात टिचकी मारतो, तेव्हा मिडीच्या भाषेत नोंद होते ती एवढीच. आवाज तिच्यात कुठेच नसतो. कातडे नाही, लाकूड नाही, खोली नाही. हे पहिल्यांदा नीट उमजले तेव्हा मी त्या तीन आकड्यांकडे बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

तबला शिकलेल्या कुणालाही यातले मर्म लगेच कळेल, कारण आपल्याकडे बोल आहेत. ‘धा’ तोंडाने म्हटला म्हणून तबला वाजत नाही, पण काय वाजायचे ते ठरून जाते. गुरू कायदा तोंडी सांगतात, शिष्य तो आपल्या तबल्यावर उतरवतो. तबला बदलला, पट्टी बदलली, गाव बदलले, तरी कायदा तोच राहतो. मिडी म्हणजे यंत्रांनी यंत्रांना म्हणून दाखवलेले बोल.

हे बोल ठरवायला दोन माणसांची जिद्द कारणी लागली. सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्यांची यंत्रे तेव्हा एकमेकांशी बोलत नसत. प्रत्येकीची तार वेगळी, इशारे वेगळे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये सगळ्यांसाठी एकच भाषा असावी असा प्रस्ताव मांडला. जपानमध्ये रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी हाच ध्यास घेऊन बसले होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये, आणि एकाची पट्टी दाबली की दुसरे वाजत होते. या भाषेच्या वापरासाठी त्यांनी कुणाकडूनही पैसे मागितले नाहीत. ती टिकली याचे निम्मे श्रेय मी या एका निर्णयाला देतो.

त्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका ठोक्याच्या तीन आकड्यांना, प्रत्येकाच्या सुरुवात-शेवटाच्या खुणा धरून, मिळून तीस बिट लागतात, म्हणजे एक मिलिसेकंद भरायलाही थोडे कमीच. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम फूटभर पुढे जातो. ढोलाला कान लावून उभे राहणे आणि फूटभर मागे सरकणे यांत जेवढा उशीर, तेवढाच उशीर एका ठोक्याचा निरोप पोचायला. जोराचे माप १२७ वरच का थांबते, याचेही उत्तर त्या बिटांमध्ये आहे. प्रत्येक आकड्याला आठ बिट मिळतात, पण त्यांतला पहिला ‘हा हुकूम आहे की माहिती’ एवढे सांगण्यात खर्च होतो. उरलेल्या सात बिटांत ० ते १२७ मावते. सगळ्या जगातल्या ड्रमरांच्या हाताचे वजन इतक्याच पायऱ्यांत बसवलेले आहे.

ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. आठ रबरी चौकोन, दोन काठ्या आणि त्यातून निघणारे ढोलकीपासून काचेच्या फुटण्यापर्यंतचे आवाज. रोलँडने १९८५ मध्ये काढलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडच्या पोटात एकही आवाज नव्हता. काठी पडली की तो फक्त आकडे पाठवायचा, वाजायचे ते तारेच्या दुसऱ्या टोकाला जोडलेले यंत्र. आणि मिडी यायच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या ठेक्यावर दहा राग बसवून एक अख्खी रेकॉर्ड काढली होती. जग तिच्याकडे वळले ते २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर.

मी वापरतो ते हायड्रोजन, मोफत मिळणारे ड्रम मशीन सॉफ्टवेअर. डावीकडे वाद्यांची यादी, उजवीकडे घरांची जाळी. आडवी दिशा काळाची, उभी वाद्यांची. एकदा मी तिथे तबल्याचे सुटे आवाज भरले आणि सोळा घरांत तीनताल मांडायला घेतला. ‘धा’साठी एक ओळ पुरत नाही. तो दोन हातांचा बोल, म्हणून उजव्या हाताच्या ‘ना’च्या ओळीत एक ठिपका आणि त्याच्या बरोबर खाली डग्ग्याच्या ‘गे’च्या ओळीत दुसरा. ‘धिं’चेही तसेच. ‘तिं’ आणि ‘ता’ला मात्र उजवा एकटा पुरतो.

सगळे ठिपके टाकून झाले आणि मी थबकलो. डग्ग्याची ओळ पहिल्या घरापासून सलग भरत आली होती. दहाव्या ते तेराव्या घरात ती कोरी होती, चौदाव्यापासून पुन्हा भरलेली. खाली! लहानपणापासून हात हवेत फिरवून दाखवलेली खाली इथे चार रिकाम्या घरांच्या रूपात समोर दिसत होती. कानाला घुमारा गेल्याचे जे जाणवते, ते डोळ्यांना दिसत होते.

पण वाजवल्यावर निराशा झाली. डग्गा ‘गे’ला घुमत राही आणि मागून ‘के’ हा बंद बोल टाकून पाहिला तरी घुमतच राही. खरा तबलजी पंजा टेकून तो घुमारा बंद करतो. यावर उपाय म्हणजे म्यूट ग्रुप. दोन आवाज एका गटात टाकले की एक वाजताच दुसऱ्याचा गळा धरला जातो. ही सोय मुळात ड्रम सेटच्या हाय-हॅट झांजांसाठी केलेली आहे. त्या उघड्या असताना झणझणतात आणि पायाने मिटल्या की गप्प होतात. डग्ग्यावरचा पंजा आणि झांजांखालचा पाय एकच काम करतात हे मला एका सॉफ्टवेअरने शिकवले.

आता जोराबद्दल. प्रत्येक ठिपक्याखाली एक उभी रेघ असते, तिची उंची म्हणजे आघाताचा जोर. नवखा माणूस या रेघेला आवाज लहान-मोठा करण्याची सोय समजतो. तसे नाही. गणपतीत ढोल-ताशा पथक चार गल्ल्या पलीकडे वाजत असते, तेव्हा ढोल हळू ऐकू येतो, पण तो जिवाच्या आकांताने वाजवलेला ढोल आहे हे कानाला पक्के कळते. तोच ढोल शेजारी बसून कुणी बोटांनी हलका वाजवला तर आवाज तेवढाच येईल, पण जात वेगळी असेल. जोराने मारलेले कातडे वेगळ्याच सुरात ओरडते, काठीची कडकड त्यात मिसळते. म्हणून चांगल्या ड्रम संचात एकच ड्रम हलक्यापासून जोरकसापर्यंत अनेक आघातांनी वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि रेघेची उंची त्यांतला कुठला आवाज उचलायचा ते ठरवते. मिक्सरची कळ ढोलाला लांब नेते, जोराची रेघ वाजवणाऱ्याचा हात बदलते. या दोन गोष्टींत घोळ केला की कितीही भारी आवाज भरा, ठेका मेल्यासारखा वाजतो.

तरीही एकाच जोराचे आठ ठोके लागोपाठ आले की बंदूक चालल्यासारखे वाटते, कारण तोच मुद्रित तुकडा आठदा वाजतो. म्हणून त्याच जोराचे चार-पाच तुकडे ठेवून आळीपाळीने वाजवतात.

आणि मग काळ. जाळीच्या रेघांवर सगळे ठोके तंतोतंत बसवले की ठेका बरोबर असतो, पण डुलत नाही. रॉजर लिन यांनी १९८० मध्ये एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारे यंत्र काढले, आणि डुलणे आकड्यात बसवले. युक्ती इतकी साधी की विश्वास बसत नाही. जोडीतल्या दुसऱ्या ठोक्याला किंचित उशीर करायचा, बस्स. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १२५ मिलिसेकंदांचा. दोन भागांची जोडी २५० मिलिसेकंदांची. दुसरा ठोका बरोबर मध्यावर पडला तर स्विंग ५० टक्के, म्हणजे सरळ चाल. तो ५८ टक्क्यांवर नेला तर वीस मिलिसेकंद उशिरा येतो. वीस मिलिसेकंद! पापणीच्या उघडझापीलाही याहून जास्त वेळ लागतो. आणि तेवढ्याने शिपायाची चाल जाऊन नाचणाऱ्याची येते. ६६ टक्क्यांच्या आसपास गेलात की जोडीचे तीन समान भाग झाल्यासारखे होते आणि दादऱ्याचा हेलकावा कानात येऊ लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्यूमनाइझ’ नावाची कळही असते, ठोके माणसासारखे किंचित इकडेतिकडे करणारी. साधारणपणे ती फासे टाकते, हा ठोका चार मिलिसेकंद आधी, तो सात नंतर. माणूस असा चुकतो का? जर्मनीतले होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केले. मेट्रोनोमच्या साथीने वाजवणाऱ्या एका घानाच्या ड्रमरच्या ठोक्यांचे विचलन त्यांनी मोजले. ते फाशांसारखे नव्हते. आत्ताच्या ठोक्याचा उशीर कितीतरी आधीच्या ठोक्यांच्या उशिराशी नाते राखून होता. पुढे सरकला की थोडा वेळ पुढेच रेंगाळायचा, मग हळूहळू मागे यायचा. श्रोत्यांना दोन्ही प्रकार ऐकवले तेव्हा फाशांच्या चुकांपेक्षा त्यांना या आठवण असलेल्या चुका जास्त आवडल्या. हे वाचल्यापासून मी ती कळ सहसा दाबत नाही. लीड-लॅगची, म्हणजे ठोका पुढे-मागे करण्याची, रेघ हाताने ओढतो, एकेक ठोका, आणि आधीच्या दहांकडे बघत.

इथवर सगळे आवाज व्हायच्या आधीचे. इफेक्ट येतात ते आवाज झाल्यानंतर. आकडे सांगतात कुणी, केव्हा, किती जोरात. इफेक्ट सांगतात कुठे.

कॉम्प्रेसर सगळ्यांत गैरसमजला गेलेला. तो मोठा आवाज दाबतो एवढेच लोक सांगतात. खरी गंमत तो किती वेळाने दाबतो यात आहे. तीस मिलिसेकंद थांबून दाबला तर काठीचा पहिला तडाखा निसटून जातो आणि मागचे शरीर दबते, म्हणून ड्रम अंगावर येतो. एका मिलिसेकंदात दाबला तर तडाखाच चिरडतो आणि ड्रम भिंतीकडे सरकतो.

आणि रिव्हर्ब, म्हणजे खोली. १९८० चा पीटर गॅब्रिएल यांचा अल्बम लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत होत होता, ड्रमवर फिल कॉलिन्स, मिक्सरवर ह्यू पॅजम. आतल्या वादकांचे बोलणे बाहेर ऐकू यावे म्हणून एक माइक लावलेला होता. लांबूनचे बोलणेही कळावे म्हणून त्याच्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू झाला आणि खोलीचा सगळा घुमार अंगावर धावून आला. पॅजमनी त्याला गेट जोडले, आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार धाडकन लावून घेणारे. प्रचंड दालन घुमू लागते आणि अर्ध्या श्वासातच नाहीसे होते. निसर्गात अशी खोली कुठेच नाही. कॉलिन्स यांच्या १९८१ च्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये ती साऱ्या जगाने ऐकली. आज सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्बच्या पुढे गेट जोडले की ती दोन टिचक्यांत मिळते.

खरी खोली हवी असेल तर ती उचलूनही आणता येते. एखाद्या दालनात फुगा फोडायचा आणि घुमत विरणारा नाद मुद्रित करायचा. दोन सेकंदांच्या त्या नादात सेकंदाला ४८,००० या हिशेबाने ९६,००० आकडे असतात, आणि त्या दालनाच्या भिंती, छत, खांब सगळे त्यांत उतरलेले असते. मग तबल्याच्या आवाजातला प्रत्येक आकडा त्या ९६,००० आकड्यांशी गुणायचा. सरळ पद्धतीने केले तर सेकंदाला ४६० कोटींहून अधिक गुणाकार. कॉम्प्युटर गणिताची एक आडवाट वापरून ते थोडक्यात उरकतो आणि माझ्या टेबलावरचा तबला दगडी गाभाऱ्यात वाजू लागतो.

एक गोष्ट मात्र राहिली होती. ‘गे’ वाजल्यावर मनगट पुढे सरकवून तबलजी डग्ग्याचा सूर वर चढवतो. सूर वाकवण्याचा हुकूम मिडीत आहे, १६,३८४ पायऱ्यांचा, जोराच्या १२८ पायऱ्यांपुढे किती बारीक! पण १९८३ च्या भाषेत तो एका ठोक्याला लागू होत नाही, अख्ख्या चॅनलला लागू होतो. मी तीनतालाचा तो पॅटर्न मिडी फाइल करून एका सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडीचे हुकूम मांडून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नेला, डग्ग्याचा सूर वाकवला, तर शेजारचा उजवा तबलाही बरोबर वाकला. एकेका सुराला वेगळे वाकवण्याची सोय मिडी २.० ने २०२० मध्ये केली. माझ्याकडे जुनीच भाषा होती, म्हणून डग्ग्याला वेगळा चॅनल दिला.

मग माउसने एक चढती रेघ काढली. फार सरळ वाटली. पुसली, सुरुवातीला थोडी सपाट ठेवून शेवटी वर वळवली. चौथ्या खेपेला चौदाव्या मात्रेवरचा ‘धिं’ वाजला आणि आतल्या खोलीतून आईने विचारले, तबला कोण वाजवतंय रे?