पाकिस्तानी मालिकांची गोष्ट कुठे हरवली?

माझे वडील जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. तेथे तयार होणाऱ्या तोफांची तोंडे कोणत्या दिशेला वळणार, हे या शहरात कुणाला सांगावे लागत नसे. असे असूनही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हाच माणूस पाळी संपवून घरी आला की व्हीसीआरसमोर बसून कराचीच्या एका रुग्णालयाची गोष्ट पाहत असे. ‘धूप किनारे’ची कॅसेट सदर बाजारातून भाड्याने येई. ती प्रतीचीही प्रत असल्याने पडद्यावर सतत पाऊस पडतो आहे असे वाटे, पण संवाद स्वच्छ ऐकू येत. शेजारच्या मराठी काकू स्वयंपाक उरकून येत आणि उर्दू शब्द अडला की वडिलांकडे पाहत. एखाद्या शब्दाला वडीलही अडत. पण डॉक्टर झोयाचा अवखळपणा आणि डॉक्टर अहमर यांचे मौन समजायला शब्दकोशाची गरज नव्हती.

ही मालिका लिहिणाऱ्या हसीना मोईन यांचा जन्म कानपूरचा. १९८७ मध्ये ती प्रसारित झाली तेव्हा पाकिस्तानात जनरल झिया यांची राजवट होती. पडद्यावरील स्त्रियांच्या डोक्यावर पदर आहे की नाही, याचीही सरकार दखल घेत असे. अशा काळात या लेखिकेने नोकरी करणाऱ्या, थट्टा करणाऱ्या, स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या मुली उभ्या केल्या. म्हणूनच, स्वातंत्र्य आले की कथा आपोआप बहरते, हे सोपे समीकरण मला पटत नाही. पीटीव्ही ही सरकारी मक्तेदारी होती आणि तिच्या बातम्या म्हणजे सत्तेची तुतारी. तिचे कोणतेही गोडवे मी गाणार नाही. मात्र तेथे नाटक लिहायला अशफाक अहमद, बानो कुदसिया, अमजद इस्लाम अमजद अशी साहित्यातली माणसे येत. साधारण १३ भागांची एक तिमाही ठरलेली असे आणि गोष्ट त्यातच संपवावी लागे. शेवट माहीत असलेला लेखक पहिल्या भागापासून वेगळेच लिहितो.

२००२ मध्ये खासगी वाहिन्यांना कायद्याने वाट मोकळी झाली आणि नियमनासाठी ‘पेमरा’ ही संस्था आली. सुरुवातीची फळे गोड होती. महिलांच्या मासिकांतून लिहिणाऱ्या फरहत इश्तियाक यांची ‘हमसफर’ आणि उमेरा अहमद यांची ‘जिंदगी गुलजार है’ या मालिका त्याच काळातल्या. जून २०१४ मध्ये झी समूहाने ‘जिंदगी’ ही वाहिनी सुरू केली, तेव्हा आमच्या नेपियर टाउनमधल्या काकूंनी रात्रीच्या जेवणाची वेळ बदलली. २६ भागांत मालिका संपते, याचेच त्यांना अप्रूप. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० ते २००८ अशी आठ वर्षे चालली होती. ज्या शहरात हरिशंकर परसाई दीड-दोन पानांत एक अख्खा समाज उघडा पाडत, त्या शहराला हा फरक न कळता तरच नवल. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या वाहिनीवरील पाकिस्तानी मालिका बंद झाल्या. काकू यूट्यूबकडे वळल्या. घसरण त्यांनी तेथेच पाहिली, मीही पाहिली.

आता भाग मोजून लिहिले जात नाहीत, प्रेक्षकसंख्येनुसार ताणले जातात. गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून थप्पड येते, मग अपहरण, मग घटस्फोटाची धमकी. ‘मेरे पास तुम हो’चा शेवटचा भाग जानेवारी २०२० मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्या मालिकेने बेइमान पत्नीला धडा शिकवण्यालाच कथानक मानले. २०२३ मध्ये ‘तेरे बिन’ने पतीकडून झालेल्या बळजबरीचे सूचन केले. संताप उसळताच पुढच्या भागात तोच प्रसंग संमतीचा ठरवण्यात आला. आदला भाग काय होता, हे समाजमाध्यमांवरच्या आरडाओरड्यावरून ठरत असेल, तर लेखकाची गरजच काय? आणि नियामक? ऑक्टोबर २०२१ मध्ये पेमराने वाहिन्यांना बजावले ते मालिकांतील आलिंगने आणि पती-पत्नीची जवळीक यांविषयी. बायकोच्या गालावर उमटलेल्या बोटांपेक्षा तिच्या खांद्यावरचा हात नियामकाला अधिक खुपला.

या साच्याबाहेर लिहिणारे तेथे होते. आसिम अब्बासी यांची ‘चुडैल्स’ २०२० मध्ये झी५ या भारतीय मंचावर आली आणि पाकिस्तानात काही काळ अडवली गेली. त्यांचीच ‘बरजख’ २०२४ मध्ये विरोधामुळे तेथील यूट्यूबवरून मागे घ्यावी लागली. म्हणजे पाकिस्तानी वाहिन्यांना न पेलणाऱ्या धाडसी कथेला आसरा आणि पैसा भारतातून मिळत होता. पहलगामच्या हत्याकांडानंतर मे २०२५ मध्ये आपल्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ओटीटी मंचांना सर्व पाकिस्तानी आशय हटवण्यास सांगितले आणि त्यांच्या करमणूक वाहिन्याही यूट्यूबवर दिसेनाशा झाल्या. त्या आठवड्यांत तोफगाड्यांच्या या गावात मालिकांची बाजू मांडणे मलाही शोभले नसते. तरीही एक हिशेब मांडायला हवा. थप्पडांच्या मालिकांना घरचा जाहिरातदार आहे, त्या चालूच राहतील. मार बसला तो अब्बासींसारख्यांना. आपल्या धोरणाने या दोहोंत फरक केला नाही. तो कसा करता येईल, याचा विचारही कोणी केल्याचे मला दिसले नाही.

गेल्या महिन्यात काकूंकडे गेलो होतो. अर्धवट राहिलेल्या मालिकेची चुटपुट लागली असेल, म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, “छे रे! पुढे काय होणार, ते दहाव्या भागातच कळलं होतं.” मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मला विचारले, “त्या झोयाचं शेवटी काय झालं रे? ती कॅसेट कुणी तरी परत देऊन टाकली होती, माझा शेवटचा भाग राहिलाय.”