विजेची परतीची वाट

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर. वाशीम जिल्ह्यात कुठेही गेलं तरी शिवारात सौरपंपाची पॅनेल दिसू लागली आहेत. पॅनेलजवळच्या पेटीतला कंट्रोलर डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत एसी करतो आणि मोटर फिरवतो. त्याच पेटीतली नखाएवढी चिप मोटरच्या करंटवरून विहिरीत पाणी उरलंय का, हेही ओळखते. म्हणजे काही अँपिअरचे धक्के आणि अगदी नाजूक संकेत एकाच छताखाली. संकेतात गोंगाट मिसळला, तर पाणी असूनही ‘ड्राय रन’ समजून मोटर बंद पडू शकते.

दोष बहुधा परतीच्या वाटेत असतो.

पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, आखणारा नवशिका करंट जाणारा ट्रॅक नीट काढतो. करंट परत कुठून येणार, हे पाहत नाही. झपाट्याने बदलणारा करंट शक्यतो ट्रॅकच्या बरोबर खालून, ग्राउंडच्या तांब्यातून परततो. त्या तांब्यात चीर असली की त्याला वळसा पडतो आणि तयार झालेला फेरा अँटेनासारखा वागतो. फेऱ्याचं क्षेत्रफळ दुप्पट झालं की बाहेर पडणारी लहर दुप्पट होते. वारंवारता दुप्पट झाली की चौपट. म्हणून ग्राउंडचा थर अखंड हवा, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पायाला अगदी खेटून हवा आणि मोटरच्या करंटची परतवाट संकेतांपासून दूर हवी. धातूचं झाकण नंतर लावता येतं, पण तो महागडा उपाय.

हा गोंगाट किती दूरवर नडतो, ते जुन्नर तालुक्यातल्या खोडदला कळतं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी, हे जागेच्या निवडीमागचं एक कारण. साध्या बोर्डावरच्या 50 मेगाहर्ट्झच्या क्लॉकची तिप्पट वारंवारतेची लहर 150 मेगाहर्ट्झवर येते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात ही दुर्बीण आकाश ऐकते. दुर्बिणीच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही तिथे कवच घालावं लागतं.

तंत्रनिकेतनातल्या मुलामुलींनी एवढं करून पाहावं. बॅटरीवर चालणाऱ्या आपल्या बोर्डाजवळ मीडिअम वेव्ह रेडिओ धरावा, खरखर कुठे वाढते ते ऐकावं आणि ‘कीकॅड’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिथली ग्राउंडची चीर आधी बुजवावी.