अमेरिकेत गर्भपात केंद्रांचा निधी अडवला. नाशिकच्या सिव्हिलवर परिणाम होतो का?

'गर्भपात करणाऱ्या दवाखान्यांचा सरकारी निधी बंद' असं वाचलं की आपल्याकडेही कायदा बदलला की काय, अशी शंका येते. तसं काही झालेलं नाही. ही बातमी अमेरिकेची आहे.

तिथे 1976 च्या हाइड दुरुस्तीपासून केंद्र सरकारचा पैसा, मोजके अपवाद सोडले तर, गर्भपातासाठी वापरता येत नाही. जुलै 2025 मधला कायदा त्याच्याही पुढे गेला. 'प्लॅन्ड पॅरेंटहूड'सारख्या मोठ्या संस्थांना गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेतून मिळणारे पैसे वर्षभरासाठी अडवले गेले. म्हणजे फटका बसला तो गर्भनिरोधक आणि कर्करोग तपासणीला. गर्भपाताला ते पैसे मिळतच नव्हते!

आपल्याकडे गणित उलटं आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1971 चा गर्भपात कायदा आला. त्यानुसार सरकारी रुग्णालयात गर्भपात करता येतो, खासगी दवाखान्याला मात्र मान्यता घ्यावी लागते. नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल सरकारीच आहे.

कायद्यात दिलेल्या कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत ठरावीक गटांतल्या महिलांसाठी दोन डॉक्टर लागतात. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित महिलांनाही हा हक्क दिला. महिला सज्ञान असेल तर नवऱ्याची सही लागत नाही, कोणी मागितली तरी.

अमेरिकेची झळ इथे पोचते ती वेगळ्या वाटेने. 1984 पासूनचं 'मेक्सिको सिटी धोरण' जानेवारी 2025 मध्ये पुन्हा लागू झालं. अमेरिकेची मदत घेणाऱ्या परदेशी संस्थेने स्वतःच्या पैशातूनही गर्भपाताची सेवा किंवा सल्ला द्यायचा नाही, अशी त्याची अट. भारतात तो कायदेशीर असला तरीही. सिव्हिल चालतं ते इथल्या सरकारी पैशावर, त्यामुळे त्याला ही अट लागत नाही.

सुरगाणा, पेठमधल्या बाईची अडचण वेगळीच आहे: प्रशिक्षित डॉक्टर जवळ असणं. त्यात गर्भलिंग निदानाविरुद्धचा 1994 चा कायदा आणि गर्भपाताचा कायदा यांची लोक गल्लत करतात. 2012 मध्ये बीडमधलं प्रकरण गाजल्यावर झालेल्या कारवाईत अनेक औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच थांबवलं होतं. बंदी आहे ती लिंग तपासण्यावर आणि लिंग पाहून गर्भ पाडण्यावर.