रीत कशाला लिहायची?

मुलांनो, दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम येते, हे तुम्हांला ठाऊक आहे. ३ आणि ५ घ्या, ८ येतात. ७ आणि ९ घ्या, १६ येतात. पण अशी हजार उदाहरणं केलीत, तरी हजार-एकाव्याचं काय?

आता चिंचोके घ्या. विषम ढिगात जोड्या लावल्या, की एक चिंचोका उरतो. दोन ढिगांतले उरलेले दोन मिळून एक जोडी! झालं. आता एकही उदाहरण तपासायला नको. हिला म्हणतात सिद्धता.

संगणकाच्या प्रोग्रॅमचीही अशी सिद्धता देता येते, बरं का! नेहमी लागणाऱ्या कामांचे प्रोग्रॅम तयार करून ठेवलेले असतात. त्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. २००२ साली टिम पीटर्स यांनी ‘पायथन’ या संगणकभाषेसाठी ‘टिमसॉर्ट’ ही याद्या क्रमानं लावायची रीत तयार केली. पुढे ती ‘जावा’ भाषेच्या लायब्ररीत आणि अँड्रॉइड फोनांतही आली.

आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकानं लावतो, तशीच ही रीत. क्रमात लागलेले गठ्ठे एकावर एक रचायचे आणि शेजारचे दोन-दोन एकत्र करत जायचे. नियम असा, की प्रत्येक गठ्ठा त्याच्या वरच्या दोन गठ्ठ्यांच्या बेरजेहून मोठा हवा. त्यामुळे गठ्ठे थोडेच राहतात. म्हणून त्यांच्यासाठी संगणकात जागाही मोजकीच राखलेली होती.

२०१५ साली नेदरलँड्स आणि जर्मनीतले संशोधक ‘की’ नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीनं जावातल्या टिमसॉर्टची सिद्धता द्यायला बसले. आणि ती अडली! नियम पाळला जातो का, हे फक्त वरच्या तीन गठ्ठ्यांपुरतं तपासलं जाई. त्याखाली कधीकधी तो मोडलेलाच राही. संशोधकांनी मुद्दाम ६,७१,०८,८६४ नोंदींची एक यादी बनवली. गठ्ठे झाले जास्त, जागा पडली कमी, आणि प्रोग्रॅम बंद पडला! इतक्या वर्षांच्या चाचण्यांत या चुकीचं मूळ सापडलं नव्हतं.

मग त्यांनी तपासणी आणखी एक गठ्ठा खाली नेली. आता असा बिघाड होणारच नाही, हे सिद्धही केलं.

“उत्तर बरोबर आलंय ना बाई, मग रीत कशाला?” असं वर्गात कुणीतरी विचारतंच. आता तुम्हीच सांगा, कशाला ते!

आणि हो, दोन विषम संख्यांचा गुणाकार विषमच का येतो? चिंचोके घ्या आणि आईबाबांना पटवून द्या. नुसती उदाहरणं चालणार नाहीत हं!