निर्णयसागरच्या संहिता आणि आपली जबाबदारी

चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहिता आज बहुधा वाराणसी किंवा दिल्ली येथील प्रकाशकांच्या नावाने आपल्या कपाटात असतात. परंतु त्यांतील अनेक प्रती म्हणजे मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने छापलेल्या जुन्या आवृत्त्यांचीच पुनर्मुद्रणे होत, ही गोष्ट नव्या पदवीधरांस क्वचितच ठाऊक असते.

केंब्रिज विद्यापीठास १५३४ साली मुद्रणाची सनद मिळाली. मोनिअर-विल्यम्स यांचा १८९९ चा संस्कृत-इंग्रजी कोश ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातून निघाला. विद्वानांनी तपासलेला ग्रंथ विद्यापीठाने छापावा, ही तेथील परंपरा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. पण आयुर्वेदाच्या बृहत्त्रयीचे पाठ शुद्ध करून छापण्याचे विद्यापीठतुल्य कार्य जावजी दादाजी चौधरी यांनी उभारलेल्या या खासगी छापखान्याने केले.

या कार्यामागे संपादकांचे परिश्रम होते. अष्टांगहृदयावर डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे व कृष्णशास्त्री नवरे यांनी काम केले. १९३९ ची आवृत्ती हरिशास्त्री पराडकर यांनी संपादित केली. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी डल्हणाच्या टीकेसह सुश्रुत (१९३८) आणि चक्रपाणीच्या टीकेसह चरक (१९४१) सिद्ध केला. नेपाळात मिळालेल्या खंडित ताडपत्र पोथीवरून काश्यपसंहिताही १९३८ मध्ये येथेच प्रकाशित झाली. हस्तलिखितांतील भिन्न पाठ तळटीपेत नोंदविणे, हे या आवृत्त्यांचे मोठे वैशिष्ट्य होय.

पराडकरांच्या आवृत्तीत अरुणदत्ताच्या जोडीला हेमाद्रीची ‘आयुर्वेदरसायन’ टीकाही आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच यादवांच्या राज्यात आपल्या खानदेशातही ग्रंथांना आश्रय होता. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. हा लेख विद्वानांपुढे आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे स्वतः वैद्यकव्यवसायी होते.

हा केवळ अभिमानाचा विषय नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. शास्त्रोक्त औषधाचा आधार म्हणून पहिल्या परिशिष्टातील ग्रंथ मान्य आहेत. त्यांत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ही आहे. परिशिष्टात ग्रंथांची नावे आहेत. पण कोणती मुद्रित प्रत प्रमाण धरावी, हे सर्वसाधारणपणे सांगितलेले नाही. तो विवेक आपल्यावर सोपविलेला आहे.

एक उदाहरण पुरे. कुडवापासून पुढील मानात द्रव व आर्द्र द्रव्ये दुप्पट घ्यावीत, ही द्रवद्वैगुण्याची परिभाषा आपण जाणतो. अनुवादकाने आकडे दुप्पट करून दिले आहेत की मूळ मान तसेच ठेवले आहे, हे न पाहता तैलपाक केला, तर कल्क, स्नेह व द्रव यांचे प्रमाण बिघडते. पाठ अंगावर ग्रंथाचे नाव शोभते, पण आतील औषध शास्त्रोक्त राहत नाही. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी’च्या पहिल्या भागात ४४४ योग आहेत, त्यांच्याशी पडताळा घेणे सोयीचे ठरते. तेथे नसलेल्या योगासाठी मात्र टीकेसह मूळ संहिताच उघडावी लागते.

म्हणून औषधनिर्मात्या बंधूंनी प्रत्येक योगाच्या नोंदीत ग्रंथासोबत अधिकार, संपादक, आवृत्तीचे वर्ष व पृष्ठ लिहून ठेवावे. तसेच ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या वैद्यकीय पोथ्या असतील, त्यांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी हस्तलिखिते जतन केली आहेत. काश्यपसंहिता एका पोथीवरून जगापुढे आली. आपल्या माळ्यावरील बासनात काय आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय कसे कळणार?